दारापर्यंतचं इंग्रजी

चौतीस वर्षं मी लोकांच्या मुलांना दार उघडायला आणि दार लावायला शिकवलं. खरं सांगायचं तर माझ्या नोकरीचं सार एवढंच. मूल जागेवरून उठतं, दाराशी जातं, दार उघडतं, दार लावतं, परत येऊन बसतं, आणि हे सगळं करताना तोंडाने इंग्रजीत सांगत राहतं. एवढ्यासाठी सरकारने मला पगार दिला आणि निवृत्तीच्या दिवशी गावाने शाल दिली. नातीला हे सांगितलं तर म्हणते, "आज्जी, हे तर आपला मोत्यापण शिकला असता." शिकला असता गं, पण 'ॲम' आणि 'इज' मध्ये घोळ घातला असता.

आता ज्यांना त्या काळाची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते. राज्य अजून मुंबई राज्य होतं आणि आमचं मालवण रत्नागिरी जिल्ह्यात. इंग्रजी सुरू व्हायचं ते आठवीत. म्हणजे ज्यांना मिसरूड फुटायला लागलंय, जे घरी बापाबरोबर रापणीचं जाळं ओढतात, अशी पोरं जूनमध्ये माझ्यासमोर बसून "धिस इज अ पेन" म्हणायची. आणि त्यांच्यासमोर उभी असायची ती बया म्हणजे मी. वय बावीस. कोल्हापुराहून बी. ए., बी. टी. करून आलेली. पांढरी व्हॉइलची साडी, मनगटाच्या आतल्या बाजूला वळवलेलं घड्याळ, हातात लांब छडी. छडी मारायला नाही हं, चित्रं दाखवायला. आजची मी त्या वर्गात बाकावर असते तर पहिल्याच दिवशी तिच्या खुर्चीवर खाजकुयली टाकली असती.

ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की इंग्रजीच्या तासाला मातृभाषेचा एक शब्द तोंडातून निघता कामा नये. मी ते व्रतासारखं धरलं. मालवणी तर सोडाच, मराठीही नाही. तशी मालवणी आमच्या घरातही चालत नसे. वडील कचेरीत, आईला शुद्ध बोलण्याचा सोस. 'माका-तुका' केलं की ती डोळे वटारायची. त्यामुळे मालवणात जन्मून मी मालवणी कानाने शिकले, तोंडाने नाही. आणि इंग्रजीचं उलटं. ते तोंडाने शिकले, कानाने नाही. जन्मात एकाही इंग्रज माणसाशी मी बोलले नव्हते. कोल्हापूरला एकदा मोटारीतून जाणारी एक मडमीण पाहिली होती, तेवढीच काय ती ओळख. माझं सगळं इंग्रजी म्हणजे हुकूम आणि त्यांची उत्तरं. सिट डाउन, स्टँड अप, कम हिअर, व्हॉट इज धिस. नोकरीवर रुजू होण्याआधी आठवडाभर मी त्याचा सराव मागीलदारी कोंबड्यांवर केला. शेवटी आई म्हणाली, "पुरे आता. अंडी घालायच्या बंद झाल्यात त्या."

त्या बयेचं एक व्यसन मात्र आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. तिला चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय राहवत नसे. पहिल्याच वर्षी वर्गातल्या एका मुलाचा आजा वारला. मी संध्याकाळी पाचाच्या सुमाराला भेटायला गेले. खळ्यात, म्हणजे अंगणात, माणसं बसलेली. कोपऱ्यात माझ्या वर्गातली सहा-सात पोरं अंग चोरून बसली होती. मला पाहताच सगळी ताडकन उठली आणि हात मागे बांधून एका सुरात ओरडली, "गुऽड मॉर्निंऽग, टीऽचर!"

आता शहाण्या बाईने काय करावं? डोळ्यांनी दटावावं, नाहीतर मुकाट्याने मान हलवावी. मी म्हणाले, "नो, नो. गुड ईव्हनिंग."

पोरांनी पुन्हा हात बांधले आणि पुन्हा ओरडली, "गुऽड ईव्हनिंऽग, टीऽचर!"

घरातला एक म्हातारा खांबाला टेकून बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "बाई, म्हातारो आता दोनय येळच्या पलीकडे गेलो. बसा तुमी."

मी बसले. पण घरी जाताना, खोटं कशाला सांगू, पोरांनी दुसऱ्यांदा बरोबर म्हटलं याचा मला आनंदच झाला होता.

तर ते दाराचं. त्याला आम्ही 'चेन' म्हणायचो. म्हणजे साखळी. एकेका मुलाला उठवायचं आणि करतोय ते सांगायला लावायचं. आय ॲम गेटिंग अप. आय ॲम गोइंग टू द डोअर. आय ॲम ओपनिंग द डोअर. आय ॲम क्लोजिंग द डोअर. आय ॲम कमिंग बॅक टू माय प्लेस. भाषांतर नाही, व्याकरण नाही, पाय चालतात तशी जीभ चालते. पद्धत चांगली होती, आजही म्हणते. चाळीस पोरं रोज उठून दारापर्यंत जायची, शाळेचं ते दार बिजागऱ्यांपासून सुटायला आलं होतं, शेजारच्या वर्गातले गणिताचे सर कपाळाला हात लावायचे. पण दोन महिन्यांत सगळ्या वर्गाची साखळी पाठ झाली. एक मुलगी सोडून.

तिचं नाव फिलोमिना. सगळे फिलू म्हणत. तारकर्लीच्या पुढे, देवबागच्या वाटेवर तिचं घर. तिथून शाळेपर्यंत दीड-दोन तासांची चाल, तीही वाळूतून. ती यायची तेव्हा तिचे पाय पोटरीपर्यंत वाळूने माखलेले असत आणि बाकाखाली दिवसभरात एक छोटा ढीग साचायचा. घरी फक्त आजी. फिलूची मुंबईची मावशी एका इस्पितळात आया होती. तिने सांगितलं होतं की मॅट्रिक झालीस आणि इंग्रजी आलं तर तुला नर्सिंगला घालते. तेवढ्या एका गोष्टीसाठी ती म्हातारी नातीला रोज पहाटे उठवून शाळेला लावून देत होती. त्यांच्या वाडीतली दुसरी एकही मुलगी सातवीच्या पुढे गेलेली नव्हती.

फिलू हुशार होती, पण तिचं सगळं जरा वेगळंच. बाकीची पोरं 'गुड मॉर्निंग' गायची. ती म्हणायची, आणि मग माझ्याकडे बघत थांबायची, उत्तराची वाट बघत. मी 'हाउ आर यू?' विचारलं की वर्ग एका दमात 'आय ॲम फाइन, थँक यू' म्हणून मोकळा. एक दिवस त्या गलक्यातून तिचा आवाज आला, "आय ॲम नॉट फाइन, टीचर."

पायात काच गेली होती तिच्या. टाचेतून रक्त येत होतं. आणि मी तिला काय सांगितलं? की या प्रश्नाचं उत्तर 'फाइन' असंच असतं. तिने पायाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "फाइन, थँक यू."

साखळीत ती एका वाक्यावर अडायची. उठायची, वाक्य म्हणायची. दाराकडे चालायला लागली की ओठ घट्ट मिटायची. दारापाशी पोचली की पुन्हा तोंड उघडायचं, आणि पुढची तिन्ही वाक्यं खणखणीत. 'आय ॲम गोइंग टू द डोअर' एवढं मात्र नाही.

"से इट," मी म्हणे.

गप्प.

"रिपीट आफ्टर मी."

गप्प. पोरं मागून कुजबुजायची, "म्हण गो, म्हण मगे, काय जाता तुझा?" ती मान हलवायची नाही की रडायची नाही. नुसती दारात उभी. मग मीही ठरवलं की वाक्य म्हटल्याशिवाय जागेवर यायचं नाही. बघूया कोण हरतं ते! एका बाजूला बी. ए., बी. टी. आणि दुसऱ्या बाजूला तेरा वर्षांची पोर. जवळजवळ तीन आठवडे माझ्या तासाला ती दारातच उभी राहिली. एक पाय वर्गात, एक व्हरांड्यात. बाकीचं सगळं इंग्रजी तिथूनच शिकली. वह्या तपासताना दिसायचं, तिच्या वहीत चुका सर्वांत कमी.

कारण मी तिला विचारलं नाही. विचारणार तरी कसं? इंग्रजीत विचारलं तर तिला सांगता आलं नसतं आणि मराठीत विचारलं तर माझं व्रत मोडलं असतं.

तेवढ्यात तपासणी जाहीर झाली. माझं उमेदवारीचं वर्ष होतं, साहेबांच्या शेऱ्यावर कायम होणं अवलंबून. मला रात्रंदिवस एकच दिसायला लागलं. साहेब खुर्चीत बसलेत, म्हणतायत, 'त्या मुलीला उठवा', आणि फिलू दारात ओठ मिटून उभी. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिला व्हरांड्यात गाठलं आणि म्हणाले,

"फिलू, उद्या तू शाळेत येऊ नकोस."

मी तिच्याशी बोललेलं ते पहिलं मराठी वाक्य.

तिने विचारलं, "परवा?"

"परवा ये."

तपासणी झकास झाली. साहेब हसले, शेरा उत्तम पडला, हेडमास्तरांनी पेढे आणवले. मी कायम झाले. परवा फिलू आली नाही. तेरवाही नाही. पंधरा दिवसांनी तिच्या बाजूच्या वाडीतल्या एका मुलाकडून कळलं की मावशी आली होती, ती तिला घेऊन आगबोटीने मुंबईला गेली. कुणा मडमेच्या घरी मूल सांभाळायला ठेवलंय. मी मनाशी म्हटलं, या पोरी अशाच, शाळा कधीतरी सुटायचीच. हे वाक्य मनाशी म्हणायला फार सोयीचं असतं. मी ते बरेच दिवस म्हटलं.

जानेवारीच्या सुमाराला शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावाने एक अंतर्देशीय पत्र आलं. पेन्सिलीने, मोठमोठ्या इंग्रजी अक्षरांत. मला ते अजून पाठ आहे.

'गुड मॉर्निंग, टीचर. हाउ आर यू? आय ॲम नॉट फाइन. आय ॲम गेटिंग अप. आय ॲम ओपनिंग द डोअर. आय ॲम टेकिंग मिल्क. आय ॲम क्लोजिंग द डोअर. बेबी इज क्राइंग. आय ॲम नॉट क्राइंग. धिस इज अ बिग हाउस. धिस इज अ विंडो. व्हेअर इज द सी? मे आय कम इन, टीचर?'

एवढंच. खाली नाव.

माझ्या आयुष्यात मला आलेलं ते पहिलं इंग्रजी पत्र. माझ्या विद्यार्थिनीने लिहिलेलं! मी हरखून गेले. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसले, लाल पेन्सिलीला टोक काढलं आणि ते तपासलं. 'मिल्क' च्या आधी 'द' घातला. 'बेबी' च्या आधी 'द' घातला. 'गेटिंग अप' आणि 'ओपनिंग' यांच्या मधे बाण काढून, गाळलेलं वाक्य ठळक अक्षरांत लिहिलं, 'आय ॲम गोइंग टू द डोअर', आणि खाली दोन रेघा मारल्या. शेवटचं वाक्य बिनचूक होतं. त्याच्यापुढे बरोबरची खूण केली. खाली लिहिलं, 'गुड. अक्षर सुधार.' पाकिटात घातलं आणि त्याच पत्त्यावर परत पाठवून दिलं.

हेडमास्तर म्हणाले, "याला म्हणतात हाडाचा शिक्षक." मी लाजले.

उत्तर आलं नाही. मला नवल वाटलं, कारण तपासलेली वही परत मिळाली की फिलू पुढच्या पानावर सगळं शुद्ध करून लिहून आणत असे.

मग मे महिना आला. एक दिवस मी बाजारात कोकमं घेत होते. मागून कुणीतरी खांद्याला हात लावला. काळीभोर, सडपातळ म्हातारी, गळ्यात क्रूस, डोक्यावर सुक्या बांगड्यांची पाटी.

"तुमीच काय त्या इंग्लिसच्या बाई?"

"हो."

"मी फिलूची व्हडली माय." म्हणजे आजी. पाटी तिने डोक्यावरून उतरवलीसुद्धा नाही. "चेडू इला आसा म्हमयसून. चार दिवसांची सुट्टी. कागद घेवन इला आसा तुमचो. तेच्यार तांबड्यान काय लिवलास तां माका वाचूक येणा नाय आणि चेडू सांगणा नाय. बघूनच रडता. तुमी लिवलास, तर तुमीच येवन माका सांगा."

म्हणजे पोर मुंबईहून आली होती, माझं पत्र घेऊन. आणि ही काही विनंती नव्हती. दुसऱ्या दिवशी मी निघाले. तासाभरात चपला हातात घ्याव्या लागल्या, वाळूत पाऊल टाकलं की अर्धं मागे सरकत होतं. पोचले तेव्हा साडीच्या निऱ्या गुडघ्यापर्यंत वाळूने भरल्या होत्या. खळ्यात आमसुलं वाळत घातलेली, मागे माडांतून समुद्राचा आवाज. फिलू ओसरीवर बसून मासे साफ करत होती. सहा-सात महिन्यांत वीतभर उंच झालेली, केस कापलेले, आणि डोळ्यांखाली मोठ्या बायकांसारखं काळं. तिने मला बसायला पाट दिला. "गुड मॉर्निंग, टीचर," म्हणाली आणि थांबली. सकाळचे दहा वाजले होते. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

म्हातारीने पत्र आणून माझ्या हातात दिलं. घड्या पडून पडून मधे फाटायला आलेलं. "वाचा."

मी वाचलं. मराठीत सांगत गेले. ती उठते, दार उघडते, दूध घेते. बाळ रडतं, ती रडत नाही. म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. मग तिने बोट ठेवलं नेमकं त्या बाणावर. "आणि ह्या? ह्या काय?"

"हे... गाळलेलं वाक्य आहे. म्हणजे, 'मी दाराकडे जाते आहे.' जाते, असं."

म्हातारी एकदम ताठ झाली. बोट कागदावरून असं उचललं, जसं काही चटका बसला. मग घराच्या दाराकडे बघत म्हणाली, "माझो झील, हेचो बापूस, जहाजार होतो. शेवटच्या खेपेक माझ्याशी भांडलो आणि त्या दारात उभो ऱवान म्हणालो, 'जातंय.' नुसता 'जातंय'. मी म्हटलंय, 'येतंय म्हण रे, पुता.' म्हणूक नाय. सात वर्सां झाली, बाई. कागद नाय, निरोप नाय. ह्या चेडू तेव्हा तेचो हात धरून त्याच दारात होता. त्या दिसापासून ह्या घरात त्यो शब्द कोण काढणा नाय."

 मी बोलले ते वेड्यासारखंच. "पण हे तर इंग्रजी आहे..."

फिलूने पहिल्यांदा मान वर केली. "इंग्लिश झाला म्हणान काय झाला, बाई? म्हणल्यार तां खरा होता मा?"

त्या ओसरीवर, माशांचा वास आणि माशा घोंघावत असताना, मला माझं अख्खं शिक्षण कळलं. चाळीस पोरं दाराकडे जाताना ते वाक्य पोपटासारखी म्हणत होती, कारण त्यांच्या लेखी इंग्रजी म्हणजे नुसता आवाज होता. खरं म्हणजे माझ्याही लेखी. रोज घरातून निघताना मी आईला 'येते गं' म्हणत असे. एकदाही 'जाते' म्हटलं नव्हतं, म्हटलं असतं तर आईने उंबऱ्यातून परत बोलावलं असतं. आणि वर्गात चाळीस तोंडांतून तेच वाक्य रोज काढून घेत होते. त्या सगळ्या वर्गात इंग्रजी ही माणसांची बोलायची भाषा आहे, तीत बोललेलं खरं होऊ शकतं, हे एकट्या फिलूला कळलं होतं. आणि तिलाच मी तीन आठवडे दारात उभी केली होती. वर तेच वाक्य तिच्या हातात लिहून दिलं, लाल पेन्सिलीने, दोन रेघा मारून.

"फिलू," मी म्हटलं, "शाळेत परत ये. मी हेडमास्तरांना सांगते. वर्ष बुडालं तर बुडालं, मी रविवारी शिकवीन. मॅट्रिक होशील."

 तिने मासळीचे हात धुतले, पदराला... पदर कुठला, फ्रॉकला पुसले. मग म्हणाली, "मी नाय होतंय त्या दिसा काय शिकवलास? सायबाच्या समोर?"

 त्या दिवशी मी शिकवली होती ती माफीची वाक्यं. "सॉरी म्हणायचं कसं, ते."

"माझो धडो ऱवलो तो. घेवा."

असं म्हणून ती समोर जमिनीवर मांडी घालून, हात गुडघ्यावर ठेवून बसली. मी पाटावरून उठले. कारण धडा उभ्यानेच घ्यायचा असतो. समोर वर्ग नाही, फळा नाही, छडी नाही. मी म्हटलं, "आय ॲम सॉरी."

"अगेन, टीचर."

"आय ॲम सॉरी."

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. "लाउडर."

"आय ॲम सॉरी!"

मघाशी चुलीकडे गेलेली म्हातारी आतून ओरडली, "काय झाला गो? कोण बोंबलता?"

"काय नाय माय," फिलू म्हणाली, "बाई शिकवतत."

त्या धड्यात यानंतर मुलाने म्हणायचं असतं, 'दॅट्स ऑल राइट.' मी थांबले. इतकं कधी कुठल्या उत्तरासाठी थांबले नव्हते. फिलूने माझ्याकडे नीट बघून घेतलं, उठली, आणि खळ्यातली आमसुलं परतायला लागली. मग पाठमोरीच म्हणाली, "जवाब शाळेत इल्यार देतंय. जूनात."

म्हातारीने बाहेर येऊन दोन्ही हात जोडून वर बघितलं. ठरलं ते असं. फिलूने मुंबईला जाऊन दुसरी आया मिळेपर्यंत मडमेचं मूल सांभाळायचं आणि पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने परत यायचं. मी तिचं नाव आठवीच्या हजेरीपटावर आधीच घालून ठेवायचं.

शेवटच्या बोटीला मी बंदरावर गेले होते. त्या काळी आगबोट लांब उभी राहायची आणि पडावातून माणसं किनाऱ्याला यायची. पाच पडाव आले. मी प्रत्येकातली डोकी बघितली. कापलेल्या केसांची मुलगी दिसली की मी पाण्याच्या कडेपर्यंत जायची. पाचवा पडाव रिकामा झाला, नाखव्याने मला विचारलं, "कोण येवचा होता बाई?" मी म्हटलं, "विद्यार्थिनी." तो म्हणाला, "आता ऑक्टोबरात." पावसात बंदर बंद.

ऑक्टोबरात मी पुन्हा वाळू तुडवत गेले. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, म्हातारी आजारी पडली म्हणून मावशी येऊन तिलाही घेऊन गेली, कोल्हापुरावाटे, मोटारीने. पत्ता कुणाकडेच नव्हता. मडमेच्या पत्त्यावर मी दोन पत्रं टाकली. त्यांत एकही वाक्य पुस्तकातलं नव्हतं, त्यामुळे पुष्कळ चुका झाल्या असतील. पहिलं परत आलं. दुसरं आलं नाही, म्हणजे कुणीतरी ते घेतलं असावं. एवढ्या आधारावर माणूस किती वर्षं काढू शकतो, हे तुम्हाला खरं वाटणार नाही.

साखळी मी बदलली. माझ्या वर्गात मूल व्हरांड्यातून सुरुवात करायचं, 'आय ॲम कमिंग इन.' नंतरच्या एका तपासणीत साहेबांनी शेरा मारला की शिक्षिका पाठ्यक्रमाचा क्रम पाळत नाही. नाही पाळला. मालवणीही बोलायला लागले. इतकी वाईट की पोरं बाकाखाली तोंड घालून हसायची, आणि त्या निमित्ताने का होईना, कुणाच्या पायात काच गेली तर मला सांगायची. आणि मुंबईला लेकीकडे गेले, कुठल्या इस्पितळात जायची वेळ आली, की नर्सबाईंच्या छातीवरची नावाची पट्टी वाचल्याशिवाय मला राहवत नाही. लेक म्हणते, आई, लोकांच्या छातीकडे असं टक लावून बघू नये. फिलू नर्स झाली का, मला माहीत नाही. झालीच असेल असं मी धरून चालते. माझ्याशिवाय.

हेडमास्तरांनी त्या वर्षी ऑगस्टातच तिचं नाव हजेरीपटावरून काढलं. नियमच होता. मग मी इंग्रजीच्या तासाची माझी स्वतःची हजेरीची वही सुरू केली. दर जूनमध्ये नवी नावं उतरवायची आणि मुलींच्या शेवटी तिचं. हजेरी घेताना ते नाव वाचून मी थोडी थांबायची, मग वही मिटायची. पोरं विचारायची, बाई, ही कोण? मी म्हणायची, येणार आहे. नवीन पोरांना जुनी पोरं सांगायची, तसं विचारायचं नसतं.

साठ साल उलटून गेलं होतं, महाराष्ट्र झाला होता, मला चष्मा लागला होता. एक दिवस पाऊस पडत होता, वर्गात अंधार, मी वहीत डोकं घालून नावं वाचत होते. शेवटचं नाव घेतलं. आणि मागच्या बाकावरून मुलीचा खणखणीत आवाज आला,

"प्रेझेंट, टीचर!"

मी मान इतक्या झटक्यात वर केली की चष्मा नाकावरून उडून टेबलावर आपटला. धूसर दिसत होतं. मागच्या बाकावर कुणीतरी उभं होतं, केस आखूड, आणि मी खुर्चीवरून अर्धी उठलेसुद्धा.

मग सगळा वर्ग खदखदून हसला. ती आमच्या बाजारातल्या शिंप्याची मुलगी, वर्गातली सर्वांत खट्याळ. माझ्या तोंडाकडे बघून तिचंच हसू थांबलं. म्हणाली, "चुकलंय बाई. मस्करी केलंय."

"दॅट्स ऑल राइट," मी म्हटलं. चष्मा चाचपून डोळ्यांवर लावला, आणि पुस्तक उघडायला सांगितलं.